दांडगोबाचा पाय

अल्लाने मला अंगपिंड देताना हात सैल सोडला आणि डोक्यापर्यंत येता येता बहुतेक त्याचं सामान संपलं. माझी तक्रार नाही. सहा फुटांच्या वर उंची, दारात मावणार नाहीत असे खांदे, आणि अक्कल गुडघ्यात. गुडघे मात्र मजबूत आहेत. नाव यूनुस. गाव श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या काठावर. पोटापाण्यासाठी सौदीत रास अल खैरला असतो, समुद्राचं पाणी गोडं करतात त्या प्लांटवर. काम रिगरचं. म्हणजे क्रेनच्या हुकाला जड माल बांधायचा आणि हात हलवून क्रेनवाल्याला खूण करायची. उचलते क्रेन. गावात मात्र सगळ्यांचा समज आहे की यूनुस उचलतो, आणि तो समज मी इतकी वर्षं दूधतूप घालून पोसलाय.

कँपात माझी ख्याती अशी की ‘यूनुसभाई, हे तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही,’ एवढं कोणी म्हणायचा अवकाश, मी बाह्या सरसावल्याच. हे वाक्य बंगाल्यांपासून मिसरींपर्यंत सगळ्यांनी आपापल्या भाषेत पाठ केलंय. त्यामुळे वॉशिंग मशीन तिसऱ्या मजल्यावर न्यायचं तर ते मी नेतो आणि बाकीचे दार धरून उभे राहतात. माझ्या खोलीत राहणारा जलाल आमच्याच बाजूचा, ड्रायव्हर आहे. शरीराने काडीपैलवान, पण जिभेला धार. तो म्हणतो, ‘यूनुसभाई, लोक तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात आणि वर ते झाडही तुम्हालाच उचलायला लावतात.’

गेल्या उन्हाळ्यात आमच्या साइटवर आइसलंडचा एक इंजिनियर आला होता. त्याचं नाव माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी त्याला मिस्टर आइस म्हणायचो, त्याला चालायचं. दुपारी उन्हामुळे काम बंद असायचं, तेव्हा आम्ही एसीच्या कंटेनरमध्ये चहा घेत बसायचो. एकदा मी एक व्हॉल्व्ह एकट्याने उचलून बाजूला ठेवला, गरज नसताना, तो बघतोय म्हणून. तो हसला आणि म्हणाला, तू आमच्याकडच्या एका माणसासारखा आहेस. मला वाटलं, त्याचा कोणी चुलतभाऊ असेल. तो माणूस हजार वर्षांपूर्वीचा निघाला. त्यांच्याकडच्या जुन्या पोथीतला वीर, सगळ्या मुलखात ताकदीला तोड नाही, आणि नशीब फुटकं.

त्याने ती कथा मला चहाच्या कपागणिक सांगितली. त्याचं इंग्रजी बर्फातलं, माझं वाळूतलं. निम्मं कळायचं, निम्मं मी भरून काढायचो. मग ती मी दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकलं की, गावी फोन लावून अम्मीला सांगायचो. माझी अम्मी खैरुन्निसा. तिला डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही, टीव्हीचा उपयोग नाही, म्हणून तिला गोष्टी लागतात. माझी बायको फरहाना फोन स्पीकरवर टाकून तिच्या उशाशी ठेवायची.

वीराचं नाव अम्मीच्याही तोंडात बसेना. तिने त्याला दांडगोबा करून टाकलं. ‘काय केलान मंग दांडगोबानं?’ अशी सुरुवात व्हायची.

दांडगोबा लहानपणी आळशी. बापाने बदकं राखायला ठेवला तर ती सोडून भलतीकडे भटकायचा. अम्मी म्हणाली, ‘तुजी बकऱ्यांची गोष्ट सांगतोस काय?’ बापाचं त्याच्याशी पटेना. घर सोडून निघाला तेव्हा बापाने हातात काही दिलं नाही. आईने पदराआडून आजोबांची तलवार काढून दिली. अम्मीला ती बाई तिथल्या तिथे आवडली. पुढे एका गावात मेलेला गुराखी थडग्यातून उठून घरांच्या छपरांवर बसायचा. दांडगोबाने त्याच्याशी कुस्ती खेळून त्याला पाडलं. मरता मरता त्या भुताने शाप दिला की यापुढे तुझी ताकद वाढायची नाही आणि काळोखाला तू भिशील. तेव्हापासून एवढा धटिंगण, पण दिवा मालवला की त्याची गाळण उडायची. ‘तू नाय काय पालीला भीत,’ अम्मी म्हणाली. ते खरं आहे. पाल दिसली की मी पलंगावर उभा असतो आणि जलाल झाडू घेऊन खाली.

कथा सांगायची माझी रीत अशी की मिस्टर आइसने एक माणूस मारला की मी तीन मारायचो. त्याने म्हटलं वीर खाडी पोहून गेला, मी त्याला इथून बहरीनपर्यंत पोहवला, येताना डोक्यावर बोकड देऊन. भूत मी पाण्याच्या टाकीएवढं केलं. अम्मीने यातल्या कशालाही हरकत घेतली नाही. मी जन्मल्यापासून ती माझं बोलणं चाळूनच ऐकते.

मग दांडगोबा परागंदा झाला. त्याच्या हातून एक घर जळालं, चूक नसताना, आणि पंचांनी त्याला मुलखाबाहेर काढलं. आसरा देईल त्यालाही शिक्षा. मी अम्मीला समजेल असं सांगितलं, की त्याच्यावर हुरूब लागला, म्हणजे इथे कफील, आपला मालक, पळालेल्या कामगाराची तक्रार लावतो तसं. ‘अरे रे,’ ती म्हणाली, ‘मंग ह्याला जेवायला कोण देतंय?’ शेवटी तो धाकट्या भावाला घेऊन समुद्रातल्या एका उभ्या कड्याच्या बेटावर राहायला गेला. वर चढायला एक शिडी, ती ओढून घेतली की कोणी यायचं नाव नको. खायला मेंढरं आणि पाखरांची अंडी. निघताना आईने दोघांना जवळ घेतलं आणि म्हणाली, तुम्ही मला परत दिसाल असं वाटत नाही. त्या शुक्रवारी अम्मीने पुढचं न ऐकताच फोन फरहानाकडे दिला.

आता माझी गोष्ट. त्याच सुमाराला कँपाच्या भटारखान्यात गॅसचा सिलिंडर आला. दोघांनी धरायचा असतो. ‘तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही,’ ते वाक्य कोणीतरी म्हणालं. मी एकट्याने खांद्यावर घेतला, पायात स्लिपर. ठेवताना तो घसरला आणि डाव्या पायाच्या बोटांवर आला. बाकीचे ओरडले, मी नाही. दुखलंच नाही. ‘बघा,’ मी सगळ्यांना पाय दाखवून म्हणालो, ‘कोकणातलं हाड आहे.’ मला शुगर आहे हे मागच्या मेडिकलला सांगितलं होतं, आणि शुगरवाल्याला पायाचं दुखणं कळत नाही, हेही सांगितलं असेल. मी तेव्हा डॉक्टरला दंड दाखवण्यात गुंग असणार.

जखम वरवर बरी झाली, मग पुन्हा ओली झाली. मी मोजा घालायचो आणि मोजा काढत नसे. जलाल रोज म्हणायचा, दवाखान्यात चला, गाडी माझी. मी रोज म्हणायचो, बघू. खरं कारण वेगळं होतं. इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत संपत आली होती, मेडिकल तोंडावर. पाय सडलेला रिगर कोण ठेवून घेतो? अनफिट म्हटलं की खलास, सामान बांधा. आणि गावात उतरणार कोण, तर लंगडत यूनुस, ज्याने आयुष्यभर सगळं एकट्याने उचललं. ही लाज मला पायापेक्षा मोठी वाटत होती. गुडघ्यातली अक्कल घोट्याच्या खाली जात नाही, ती अशी.

पुढच्या शुक्रवारी कथेत दांडगोबाच्या पायाची पाळी आली. त्याच्या वैऱ्यांसाठी एका म्हातारीने मंत्र घालून ओंडका समुद्रात सोडला, तो बेटाला लागला. दांडगोबाने जळणासाठी त्याच्यावर कुऱ्हाड घातली, ती सटकली आणि त्याच्याच मांडीत शिरली. मिस्टर आइसने इथे फार रंगवून सांगितलं होतं, हाडापर्यंत वगैरे. मी अम्मीला म्हणालो, ‘मग त्याला जरासं लागलं. एवढंसं. फडकं बांधलं, चालायला लागला. जखम तशी काही नव्हती.’

 

‘यूनुस,’ अम्मी म्हणाली, ‘तुजं भूत टाकीएवढं. तुजी खाडी बहरीनपातुर. आनि कुऱ्हाड लागली ती जराशी?’

‘आता गोष्टीतच तसं आहे, अम्मी.’

‘तू जल्मात काय बारीक करून सांगितलंयस? पडलास की झाडावरून पडलो सांगायचास, वट्यावरून पडलास तरी. आनि खरंच झाडावरून पडलास, हात मोडलास, तवा म्हनालास काय नाय, जरासं लागलंय.’ मग तिने सरळच विचारलं, ‘कुटं लागलंय तुला?’

मी हसून काढायला बघितलं. गोष्ट पुढे रेटली. धाकट्या भावाने कशी सेवा केली वगैरे. ‘ती ऱ्हाऊंदे,’ ती म्हणाली. ‘तुज्या दांडगोबाचं काय व्हायचं ते होऊंदे. फरहाना, त्याला दिसंल असा फोन लाव.’

फरहानाने व्हिडिओ लावला. बायको समोर, आई तिच्या खांद्याआड, इकडे जलाल पलंगावर. ‘कुठे लागलंय, सांगा,’ फरहाना म्हणाली. मी जलालकडे बघितलं. तो म्हणाला, ‘डावा पाय, वहिनी.’ गद्दार.

मी मोजा काढला. तो सुखासुखी निघेना. बऱ्याच दिवसांनी मीही तो पाय उजेडात बघत होतो. जलालने उठून खिडकी उघडली. या माणसाला माझ्या मरणावरही दोन विनोद सुचले असते, आणि तो गाडीची किल्ली शोधत होता. तेव्हा मला भीती वाटली. पालीची वाटते तशी नाही.

‘किती काळं झालंय?’ अम्मीने विचारलं. तिला दिसत नव्हतं. फरहाना तोंडाला ओढणी लावून बसली. अम्मीने तिच्या हातातून फोन ओढून घेतला. माझ्यासमोर नुसता तिचा कान आला, मोठा, मोत्याच्या बाळीसकट. त्या कानाने मला सांगितलं, ‘आत्ता जा. नोकरी जाऊंदे. गावाला लंगडत ये, पन ये.’

सुदानी डॉक्टरने पाय बघितला आणि माझ्या दंडाकडे ढुंकूनही बघितलं नाही. आणखी उशीर केला असतास तर घोट्यावरून काढावा लागला असता, म्हणाला. दोन बोटं गेली. ऑपरेशनला आत नेताना स्ट्रेचरवर मला चार जणांनी मिळून उचललं आणि त्यातला एक म्हणाला, फार जड आहे हा. मला थोडं बरं वाटलं. सवय जात नाही.

नोकरी राहिली, पण रिगरची नाही. आता टूलरूमच्या खिडकीत बसून पाने-पक्कड देतो-घेतो. सगळ्यात जड वस्तू म्हणजे माझी खुर्ची, आणि तीही चाकांची.

हॉस्पिटलातून आल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी मी फोन लावला. अम्मी म्हणाली, ‘हां. आता सांग दांडगोबाचं.’

मी म्हटलं, नको, शेवट वाईट आहे. ती म्हणाली, सांग. मग मी सांगितलं, आणि पहिल्यांदाच त्यात पदरचं काही घातलं नाही. त्याची जखम वरून भरली आणि आतून काळी पडली. तो उठू शकेना. वैरी शिडीने वर आले. तो गुडघ्यावर बसून लढला, भाऊ त्याच्यावर ढाल धरून उभा राहिला, आणि दोघे मेले.

‘आनि आय त्याची? जिती हुती?’

‘होती.’

‘तिला पाय कुजलाय ते ठावं हुतं?’

‘नाही. ते बेटावर होते ना. तिला कळलं ते मारणारेच येऊन सांगून गेले तेव्हा.’

पाठीमागे फरहानाची भांडी वाजत होती.

‘बिचारीचे दोन पोरगे गेले,’ ती म्हणाली. ‘माजी दोन बोटंच गेली.’

बोटं माझी होती, असं मी म्हणणार होतो. पण म्हणालो नाही.