फुलीचा विस्तव

आमच्या ह्यांना इंग्रजी कादंबऱ्यांचं भारी वेड. तोरण्याखालच्या वाडीत शाळामास्तर म्हणून बदली झाली, तेव्हा भोरहून नेलेल्या सामानात तांदळापेक्षा पुस्तकंच जड! रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर बायका नाचणी पाखडायला बसायच्या आणि हे त्यांना दोनशे वर्षांपूर्वीची एक विलायती गोष्ट मराठीतून सांगायचे. चौतीस-पस्तीस साल असेल. त्या दुपारी अजून डोळ्यांसमोर आहेत.

त्या गोष्टीतल्या बाईचं हृदय म्हणजे काय सांगू! एका पानावर देऊळ, दुसऱ्यावर कुलूप लावलेली पेटी, तिसऱ्यावर वादळातलं गलबत. मला तर बाई वीट आला होता. पाखडायला येणाऱ्या ठकुबाईला मात्र सगळं खरं वाटे. "मंग त्या पेटीची किल्ली कुणाकडं ठिवली म्हनं?" असं ती अगदी काळजीनं विचारी.

एकदा ह्यांनी वाचलं, "तिच्या हृदयातला अग्नी विझून गेला."

ठकुबाईचं सूप थांबलं. "मंग शेजारनीकडं इस्तू मागाया न्हाई गेली?"

हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. काडेपेट्या मिळत होत्या, पण वाडीत चूल विझली की खापरी घेऊन शेजारी जायचं नि विस्तव मागायचा, हीच रीत. हसता हसता साळूबाई बोलून गेली, "तू जातीस व्हय फुलाबाईकडं?" आणि सगळ्या खाली माना घालून घाईघाईनं पाखडायला लागल्या.

फुलाबाई ही ठकुबाईची धाकटी जाऊ. दोघींच्या चुलींमध्ये एक कुडाची भिंत, बस्स. पण कुठल्याशा बारशात मानपानावरून बिनसलं आणि तेव्हापासून दोघींत विस्तव जात नव्हता. म्हणजे खरोखरच जात नव्हता. आता फुलाबाईचा मुलगा मुंबईला गिरणीत लागला होता आणि आईबापांना कायमचं न्यायला आला होता. बायका उठून गेल्यावर ठकुबाई मला म्हणाली, "मास्तरीणबाई, एकदा गेली म्हंजी तोंड दिसायचं न्हाई. पर थोरलीनं आदी कसं बोलायचं वो?"

मला असला ताठा मुळीच खपत नाही. "बोलायला जीभ झिजते का गं तुझी?" म्हटलं. ती सूप उचलून घरी गेली.

निघायच्या दिवशी सकाळी मी फुलाबाईला कुंकू लावायला गेले. तिनं शेवटच्या भाकरी नुकत्याच उतरवल्या होत्या. तेवढ्यात भिंतीपलीकडे चर्रर्र आवाज झाला. फुलाबाई बोलता बोलता थांबली, चुलीपुढे बसली आणि इंगळ खापरीत काढायला लागली. आता हिचं हे काय मध्येच, मला काही कळेना.

पाठोपाठ दारात ठकुबाई. हातात रिकामी खापरी, मान खाली. "फुले, माजी चूल इजली. इस्तू दे."

फुलाबाईनं भरलेली खापरी उचलली. "इजली न्हाई, बाई. तुमी पानी वतलं. चर्र झालेलं ऐकलं म्या." तिचा आवाज फुटला. "माज्या काळजात बी तसंच झालं."

दोघी गळ्यात पडून रडल्या, आणि मीही रडले की! शेवटी मलाच ओरडावं लागलं, "अगं बायांनो, इंगळ विझतील ना!" मग फुलाबाईनं स्वतः पलीकडे जाऊन ती ओली चूल पेटवून दिली आणि भाकरीचं गाठोडं घेऊन निघून गेली. ती परत काही आली नाही.

आम्ही वाडी सोडेपर्यंत ठकुबाईची चूल विझलेली मी पाहिली नाही. निजण्याआधी ती इंगळ राखेखाली नीट झाकून ठेवी. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "एवढं काय गं जपतेस? विझला तर मी देईन की."

"तुमचा नगं," ती म्हणाली. "ह्यो माज्या फुलीचा हाय."