वापर आढळला नाही

२००४ साली मी एका रेल्वे कंपनीच्या कामासाठी नेवाडाच्या वाळवंटात गेलो होतो. तिथल्या एका विहिरीवर कंपनीचा डोळा होता. पाच वर्षं पाणी वापरलं नाही की मालकाचा हक्क जातो, आणि पाणी गेलं की जमीनही स्वस्तात मिळते. विहीर वापरात नाही, एवढंच मला लिहून आणायचं होतं.

मालक म्हातारा होता. शर्टाच्या टोकाने ग्लास पुसून त्याने मला विहिरीचं पाणी दिलं. अंगणात त्याच्या शेळ्याही तेच पीत होत्या.

"इंजिनं डिझेलवर चालतात ना रे? मग पाणी कशाला?"

"कामगारांच्या कॅम्पसाठी. तुमच्याकडे वापराचं रेकॉर्ड आहे का, सर?"

"शेळ्यांना सह्या करायला शिकवतो," तो म्हणाला.

मी फॉर्मवर 'वापर आढळला नाही' असं लिहिलं. त्याने ते वाकून वाचलं.

"मग तू आत्ता काय प्यायलास?"

आमच्या घरचे संस्कार असे, की उष्टं भांडं दुसऱ्याच्या दारात टाकून उठायचं नाही. मी तो ग्लास त्याच्याच नळाखाली स्वच्छ धुतला, ओट्यावर उपडा घातला, आणि मगच त्याची विहीर काढून घेणारी सही केली.