वाढत्या अंगाचा स्कर्ट

नव्या कापडाच्या खळीचा वास आला की मला भूगावातलं ते गणवेशाचं दुकान आठवतं. माझी लेक पाचवीला मोठ्या शाळेत जाणार होती. दिवसभर शेतात राबून, कोळवणहून एसटीत उभ्यानं आलेली मी दुकानातल्या बाकावर टेकले ती टेकलेच. लेक बरोब्बर मापाचा निळा स्कर्ट घालून आरशापुढे गिरकी घेत होती. मी बसल्या जागेवरून दुकानदाराला म्हणाले, "वाढत्या अंगाचा द्या, दादा. कमरेत टीप मारीन, खाली दुमडीन." तिची गिरकी थांबली. "आई, पुढल्या वर्षी दुमड सोडली की खाली न विटलेली पट्टी दिसती. पोरी हसत्यात." मी म्हणाले, "हसू दे. दर साली कोण हेलपाटं मारणार हितं?" तिनं मापाचा स्कर्ट उतरवून ठेवला आणि मला तेवढीच विश्रांती वाटली. परवा नातीच्या पाचवीच्या गणवेशासाठी पुन्हा त्याच वासात बसले होते. नात मापाच्या स्कर्टात आरशापुढे फिरत होती. बावधनच्या ऑफिसातून थेट आलेली लेक, खांद्यावरची पिशवीही न उतरवता, दुकानदाराला म्हणाली, "एक नंबर मोठा द्या." नात माझ्याकडं बघायला लागली. मी पंख्याकडं बघितलं.