वडिलांच्या घरचा परदेशी पाहुणा

कुवेतला येऊन बरेच महिने झाले, तरी मी दर शुक्रवारी लातूरच्या बहिणीला फोन करून या देशाच्या नावाने खडे फोडायचे. धूळ, ऊन, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही गाडी काढणारी माणसं. ती हसायची, मग तिची मुलं मागे दंगा घालायची आणि फोन ठेवावा लागायचा. जहरा भागातल्या माझ्या खोलीत उरलेला शुक्रवार मला खायला उठायचा.

मी फिजिओथेरपिस्ट. क्लिनिकची गाडी मला दस्मान भागात एका म्हाताऱ्या कुवेती बाबांच्या घरी सोडायची. पक्षाघाताने त्यांचा डावा हात लुळा पडला होता. लहानपणी ते खजुराचा व्यापार करणाऱ्या वडिलांबरोबर मुंबईत राहिलेले, त्यामुळे त्यांची हिंदी माझ्यापेक्षा बरी. हाताला व्यायाम म्हणून कॉफीची किटली त्यांनीच निवडली होती. डाव्या हाताने ती उचलायची, उजव्या हातातल्या छोट्या कपात ओतायची आणि कप मला द्यायचा.

पहिल्या दिवशी मी कप संपवला. त्यांनी भरला. मी पुन्हा संपवला, त्यांनी पुन्हा भरला. वेलदोड्याची ती कडू कॉफी घशाखाली उतरेना, पण पानात टाकायचं नाही हे आईने मारून शिकवलेलं. परतताना हे ऐकून ड्रायव्हर पोट धरून हसला. ‘‘मॅडम, बस्स झालं की रिकामा कप हलवून परत द्यायचा. नाहीतर ते ओततच राहणार.’’

एकदा लंडनहून त्यांच्या नातवाने एक जुनं इंग्रजी पुस्तक पाठवलं. हा देश नुकताच स्वतंत्र झाला तेव्हा एक परदेशी लेखक इथे फिरून गेला होता, आणि बाबांच्या वडिलांकडे पाहुणा म्हणून आला होता.

‘‘वडील मरेपर्यंत सांगायचे,’’ बाबा म्हणाले, ‘‘की त्याच्याइतकी मनापासून कॉफी पिणारा पाहुणा पुन्हा झाला नाही. मुलगे म्हणतात उद्या वाचू. तू वाच. आमचं घर आहे त्यात.’’

मी वाचून हिंदीत सांगू लागले. लेखक महाशयांना काहीच पसंत नव्हतं. म्हणे रस्ते वाळूत जाऊन संपतात. कचेऱ्यांत खुर्च्या नव्या आणि माणसं गायब. शिवाय धूळ आणि ऊन होतंच. सगळं माझ्या शुक्रवारच्या फोनसारखं, आणि तरी मला त्या माणसाचा संताप आला. दोन दिवस राहून एवढा तोरा!

मग बाबांच्या घराचं पान आलं. मी थांबले.

‘‘आहे तसं सांग,’’ बाबा म्हणाले.

गोड करून सांगता आलं असतं. पण ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते की मला जमलं नाही. लेखकाने लिहिलं होतं: यजमान हट्टी होता. ते कडू पाणी तो माझ्या कपात ओततच राहिला आणि मी सभ्यपणे गिळत राहिलो. या लोकांना पैसा मिळाला आहे, पण कुठे थांबावं ते कळत नाही.

बाबांनी किटलीशेजारच्या कपाकडे पाहिलं.

‘‘म्हणजे कप हलवायचा हे त्याला कुणी सांगितलंच नाही.’’

‘‘नाही सांगितलं, बाबा.’’

‘‘आणि आमचे वडील जन्मभर खूश.’’ ते हसले आणि लगेच त्यांनी डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी एकदम विचारलं, ‘‘आणि तू? मी संध्याकाळी बैठकीत सगळ्यांना सांगतो, या मुलीला माझी कॉफी फार आवडते. कधी नको म्हणत नाही.’’

आता आली का पंचाईत! खोटं बोलायला तोंड उघडलं, पण मांडीवर ते पुस्तक होतं.

‘‘पहिल्या दिवशी मला माहीत नव्हतं. त्याच दिवशी ड्रायव्हरने सांगितलं.’’

‘‘मग इतके दिवस कप का हलवला नाहीस?’’

‘‘हलवला की उठावं लागतं, बाबा. खोलीवर माझ्याशी बोलायला कुणी नाही.’’

त्यांनी डाव्या हाताने किटली उचलली. थोडी कॉफी पुस्तकावर सांडली.

‘‘धर,’’ ते म्हणाले, आणि मी कप घेतला.