सरबत गोड होतं तरी

"हायपोग्लायसेमिया," कॅज्युअल्टीतली डॉक्टर म्हणाली. म्हणजे रक्तातली साखर एकदम खाली जाणं. माझा विश्वासच बसेना. ग्लासभर गोड सरबत मी स्वतः पाजलं होतं, मग साखर खाली जाईलच कशी? पडद्यामागे माझा नवरा डोळे मिटून पडला होता. हाक मारली तरी ओ देत नव्हता.

त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. आम्ही मूळचे मालवणकडचे, आता मुलुंडचे. बाप्पाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्याकडे मोठं माणूस घास घेत नाही. ह्यांना जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. गुरुजींचा फोन आला, शेजारच्या सोसायटीत आहे, पोचतोच. ह्यांनी लगेच इंजेक्शन टोचून घेतलं. चतुर्थीला गुरुजींचं 'पोचतोच' म्हणजे काय ते मुंबईत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

गुरुजी काही येईनात. ह्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. सख्ख्या मुलीचं नाव आठवेना, मलाच ताई म्हणाले. असं झालं तर ताबडतोब गोड द्या, हे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बजावलेलं होतं. मी कोकम सरबत केलं, चांगलं गोडमिट्ट, आणि पाजलं. काही फरक पडेना, म्हणून आणखी पाजलं. ओट्यावर गुळाचे मोदक वाफाळत होते, पण ते नैवेद्याचे. त्यांना हात लावायचं मनातसुद्धा आलं नाही. बघता बघता हे सोफ्यावर कलंडले.

शेजाऱ्यांनी गाडी काढली. वाटभर मी बाप्पाला नाही नाही ते बोलले, मग घाबरून त्याचीच माफी मागितली.

डॉक्टरने विचारलं, सरबतात काय घातलं होतंत? मी म्हटलं, शुगर-फ्री. अहो, ह्यांना डायबेटिस निघाला तेव्हापासून साखरेचा डबा मीच घराबाहेर काढला होता. पाहुण्यांनासुद्धा चहात तीच पूड.

"काकू, ते स्वीटनर आहे. जिभेला गोड लागतं, रक्तात साखर जात नाही. साधी साखर हवी होती."

मेंदूला साखर लागते म्हणे. ती फार वेळ मिळाली नाही तर काय होतं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, थेंब थेंब शिरेतून जात होतं. जागे झाले आणि मला ओळखलंच नाही तर? बाकावर बसून मी एवढंच घोकत होते.

शेवटी आत बोलावलं. ह्यांनी डोळे किलकिले केले, माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी आले का गं?"

मी तिथेच हमसून हमसून रडले.

तुमच्या घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर हात जोडून सांगते, साखर घरात ठेवा. ताट समोर आल्याशिवाय इंजेक्शन नको. घाम, थरथर दिसली आणि माणूस शुद्धीत असेल, तर खरी साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. मला अजूनही ह्यांच्या कपाळावर घाम दिसला की धस्स होतं, मग तो उकाड्याचा का असेना.

यंदाही गुरुजींना उशीर झाला. मी ह्यांचं पान वाढलं, दोन मोदकसुद्धा ठेवले. हे मखराकडे बघत नुसतेच बसून राहिले.

"जेवा तुम्ही," मी म्हटलं. "तो थांबेल."