फिर्यादीत गाळलेलं वाक्य

मी काजूच्या बागेतून घरी येत होते. दुपारची वेळ, वाटेवर कोणी नाही. हेल्मेट घातलेल्या एका माणसाने मोटारसायकल थांबवून विचारलं, "कसालाक जाणारो रस्तो खंय?" मी कसाल गावाच्या दिशेला हात दाखवायला वळले आणि गळ्याला हिसडा बसला. मंगळसूत्र मुठीत घेऊन तो म्हणाला, "वरडा नको. तुझा घर माका ठावक आसा."

नवरा मुंबईत नोकरीला. घरी मी आणि सासू. मानेवरचा वळ पाहून सासूच रडायला लागली. "पोलिसात जाव नको गो. तो परत येतलो."

मलाही तीच भीती होती. पण घरात बसले असते तर प्रत्येक आवाजाला दचकत राहिले असते. रिक्षा करून पोलीस ठाण्यात गेले.

हवालदारांनी आधी पाणी दिलं, मग ते विचारू लागले. किती वाजले होते? गाडी कुठल्या रंगाची? नंबर दिसला? मी शाळेतल्या मराठीत अडखळत सांगत होते आणि एक महिला पोलीस संगणकावर उतरवून घेत होती. त्याची धमकी मात्र मी गाळली. ती कागदावर आली की त्याला कळेल, असंच वाटत होतं. पत्ताही दोनदा विचारल्यावर सांगितला.

तिने सगळं वाचून दाखवलं. "अनोळखी इसमाने फिर्यादीच्या गळ्यातील..." सही करायला पेन घेतलं आणि परत खाली ठेवलं. तिने खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात म्हणाली, "घाबरा नको गो. तो आणखी काय बोललो?"

मला रडू फुटलं. मग सांगितलं.

हवालदार पुढे झुकले. "म्हणजे तो तुमच्या घरी येऊन गेलेला असणार." महिन्याभरात कोण कोण आलं, ते त्यांनी आठवायला लावलं. त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत फिर्यादीत गेलं. मी सही केली, प्रत घेतली.

पुढचे आठ दिवस आम्ही दोघी भरदिवसाही दाराला कडी लावून बसलो. नवव्या दिवशी फोन आला. माणूस कुडाळला सापडला होता. आमच्या विहिरीचा पंप दुरुस्त करून गेलेला तोच.

सासूने उठून दाराची कडी काढली. मग म्हणाली, "तेका मीच जेवाक वाढलंय."