काजळीवरचे श्वास

ज्याच्या छातीला माझ्या भावोजींनी एकदाही सायकलची ट्यूब बांधली नाही, असा माणूस त्या काळी मुलुंड पूर्वेत कुणी दाखवला असता, तर मी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला असता. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाहूरच्या एका कारखान्यात ते दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात घरातली धडधाकट यंत्रं उघडून ठेवायचे. पण आपण हात लावलेलं यंत्र बिघडलं, हे त्यांनी जन्मात कबूल केलं नाही. त्यांनी दुरुस्त केलेल्या मिक्सरने खोबऱ्याची चटणी थेट छतावर उडवली, तेव्हाही ताईला त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, की मिक्सर ठीक आहे, भांडं उथळ आहे.

ट्यूबचं प्रकरण सुरू झालं ते ताई शिकवायची त्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंमुळे. बाईंचे यजमान कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांच्या प्रयोगशाळेत अडगळीत पडलेलं एक यंत्र होतं. फिरत्या नळकांड्याला काजळी धरलेला कागद गुंडाळायचा, छातीला रबरी नळी बांधायची, की श्वासाबरोबर एक बारीक काडी वरखाली होऊन काजळीत पांढरी रेघ ओरखडत जाते. सरांना त्या रेघेत फुप्फुसं दिसत, बाईंना त्याच रेघेत डोंगर दिसत, आणि भावोजींना दिसली ती बंद पडलेली मोटर. त्यांनी टेबलफॅनची मोटर बसवून नळकांडं फिरवलं, विरलेल्या नळीच्या जागी सायकलची ट्यूब लावली आणि तिघांनी ठरवलं, की मुलुंडच्या माणसांचे श्वास जमवायचे. एकाच माणसाचा श्वास आग्रा रोडवर ट्रकच्या धुरात कसा चालतो, स्वयंपाकघरात फोडणीच्या वेळी कसा चालतो आणि येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी कसा चालतो, ते शेजारी शेजारी लावून दाखवायचं.

त्यानंतर भावोजींकडे चहाला जाणं धोक्याचं झालं. माझी आई मिरचीच्या फोडणीसमोर छातीला ट्यूब बांधून उभी राहिली, कारण जावयाला नाही कसं म्हणायचं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना माझ्या सदऱ्याखालून एक नळी निघून पाटाखाली गेली होती. मुलीकडच्या काकांनी हळूच विचारलं, की नवरदेवाला हृदयाचं काही आहे का. तो कागद बाईंनी लाखेचं पाणी देऊन पक्का केला. 'सावधान'च्या जागी माझी रेघ चक्क थांबलेली आहे.

पुढे डिसेंबरातल्या एका रविवारी शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरलं. भिंतीवर काळे कागद, मधोमध यंत्र, आणि पाहणाऱ्यांनी रांगेत येऊन आपलाही श्वास काढून घ्यायचा. सर प्रत्येकाची रेघ मोठ्याने समजावून सांगत. अशात भावोजींच्या खालच्या मजल्यावरचे तात्या पुढे आले. तात्या मालवणकडचे, गिरणीत अर्धं आयुष्य काढलेले आणि संपानंतर घरी बसलेले. भांडुपच्या एका कंपनीत गेटवर त्यांचं काम जवळजवळ ठरलं होतं, आणि त्या कंपनीतले सुपरवायझर रांगेत त्यांच्या मागेच उभे होते.

तात्यांची रेघ वर चढेचना. दोन बोटं उठायची, अडखळायची, मध्येच कापायची आणि खाली बसायची. सरांनी चष्मा सारखा केला, वाकून पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात भावोजींनी फिरत्या नळकांड्यावर अख्खा पंजा ठेवला. रेघ पुसली गेली.

"मोटर गेली," ते म्हणाले. "मशीन बिघडलंय. आज आता बंद."

रांग कुरकुरत पांगली. सुपरवायझर गेले. भावोजी काळा पंजा घेऊन तसेच उभे होते. दोन महिने खपलेल्या बाईंनी तो कागद सोडवून घेतला. मला मात्र काहीच कळलं नाही; मी विचारणार, तोच ताईने माझं कोपर दाबलं.

संध्याकाळी सर आणि भावोजी तात्यांच्या घरी गेले. मीही होतो. छाती तपासून घ्या, असं सरांनी परोपरीने सांगितलं. तात्या ऐकून घेत राहिले. मग भावोजींकडे बघून म्हणाले, "माका ठावक आसा. मशीन बरा आसा तुमचा." जिने चढताना काय होतं ते त्यांना कधीचं माहीत होतं. पण आधी नोकरी लागू दे, मग डॉक्टर, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. यावर भावोजींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात रजा टाकली आणि सकाळीच तात्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. तात्यांना चपला घालाव्याच लागल्या.

इतक्या वर्षांचा कापूस छातीत बसलाय, तो काही निघायचा नाही, डॉक्टर म्हणाले. पण औषधाने निभेल, आणि बसून करायचं काम चालेल. तात्यांनी हे स्वतःच जाऊन सुपरवायझरांना सांगितलं. गेटवरच्या खुर्चीचं काम त्यांना मिळालं. पाच-सहा वर्षं त्यांनी ते केलं.

यंत्र कॉलेजात परत गेलं. पुन्हा प्रदर्शन भरवा, असं बाई पुष्कळदा म्हणाल्या. भावोजींनी दर वेळी विषय बदलला. कधी रविवारी मी गेलो, तर ते तात्यांबरोबर बाजारात निघालेले दिसायचे. विजेच्या दर दोन खांबांनंतर भावोजी थांबायचे आणि कुठल्यातरी गॅलरीकडे, तारेवरच्या कावळ्याकडे, नाहीतर नुसतंच वर बघत राहायचे. तात्याही शेजारी उभे राहून वर बघायचे. तात्यांचं वर बघून झालं, की दोघे पुढे चालू लागायचे.